उरलेल्यांची नोंद

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातल्या एका गावाचे नाव आम्ही कित्येक वर्षे चुकीचे उच्चारत होतो. इंग्रजी स्पेलिंगवरून आम्ही त्याला 'एयाम' म्हणत असू. शेफिल्डहून निघालेल्या बसच्या चालकाला आम्ही हेच नाव सांगितले, तेव्हा तो क्षणभर थांबला आणि सौम्यपणे म्हणाला, "ईम." ज्या गावाची गोष्ट आपण वर्गात इतक्या आत्मविश्वासाने सांगितली, त्याचे नावही आपल्याला धड ठाऊक नव्हते, या जाणिवेने आम्ही दोघी थोड्या ओशाळलो. पुढे दिवसभरात जे घडले त्याची ही सुरुवातच होती, हे आता लक्षात येते.

गोष्ट सांगितली होती ती २०२० साली. महाविद्यालये बंद होती आणि आम्ही मोबाईलच्या पडद्यासमोर बसून मराठीचे तास घेत होतो. साथीचे साहित्य हा विषय त्या दिवसांत आपोआपच सर्वांच्या तोंडी होता. अशाच एका तासाला आम्ही ईमची हकीकत सांगितली. १६६५ साली लंडनहून आलेल्या कापडाबरोबर या खेड्यात प्लेग शिरला. साथ आसपासच्या गावांत पसरू नये म्हणून धर्मगुरूंच्या सांगण्यावरून गावकऱ्यांनी स्वतःला गावातच कोंडून घेतले. गाव जवळजवळ रिकामे झाले, पण शेजारची गावे वाचली. त्यागाचे याहून मोठे उदाहरण क्वचितच सापडेल, असे काहीसे भारदस्त वाक्य आम्ही शेवटी उच्चारले. तेव्हा एका विद्यार्थिनीने माईक सुरू करून विचारले, "मॅडम, ज्यांच्याकडं जायला दुसरं घरच नव्हतं, त्यांनी थांबायचं ठरवलं असं कसं म्हणायचं?"

आम्ही काही तरी उत्तर दिले. ते काय होते, हे आठवत नाही. यावरूनच ते किती तकलादू असेल हे कळते. तो प्रश्न मात्र राहिला. त्याला आणखी एक कारण होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आमच्यापैकी एकीचे वडील गावी हृदयविकाराने गेले आणि जिल्हाबंदीमुळे तिला जाता आले नव्हते. वडिलांचा अंत्यविधी तिने मोबाईलवर पाहिला. तोही मध्येच रेंज गेल्याने अर्धाच. नातलग नंतर म्हणत, "तू आली नाहीस हे बरंच केलंस, समजूतदारपणा दाखवलास." न जाण्याचा निर्णय तिने घेतलाच नव्हता. तो घेतला गेला होता, आणि आता त्याचे श्रेय तिला मिळत होते. विद्यार्थिनीचा प्रश्न म्हणूनच इतका खोल गेला असावा. पुढे एका नातलगाच्या निमित्ताने शेफिल्डला जाण्याचा योग आला, तेव्हा ईमला जायचे हे आम्ही आधीच ठरवून ठेवले होते.

ईमचे सेंट लॉरेन्स चर्च गावाच्या मुख्य रस्त्यालगतच आहे. आवारात शिरताच डोळ्यांत भरतो तो एक दगडी क्रूस. तो आठव्या-नवव्या शतकातला, म्हणजे आजची इमारत उभी राहण्यापूर्वीचा आहे. त्यावर वेलबुट्टी, देवदूत आणि बालयेशूसह माता मरिया कोरलेली आहे. मधल्या खांबाचा काही भाग कधीच हरवला असल्याने क्रूस थोडा बुटका, मान आखडून उभा राहिल्यासारखा दिसतो. शतकानुशतके तो आवाराच्या कोपऱ्यात गवतात पडून होता आणि तुरुंगसुधारक जॉन हॉवर्ड यांनी लक्ष वेधल्यानंतर अठराव्या शतकात तो पुन्हा उभारला गेला, असे सांगतात. भिंतीवर १७७५ सालचे एक सूर्यघड्याळ आहे. त्यावर गावची वेळ तर कळतेच, शिवाय जगातल्या दूरदूरच्या ठिकाणांची नावे आणि तिथल्या वेळेचा फरकही कोरलेला आहे. ज्या गावाची कीर्ती स्वतःभोवती रेघ ओढून घेण्याबद्दल आहे, त्याच गावाने शंभर वर्षांनंतर भिंतीवर सारे जग मांडून ठेवावे, हे आम्हांला मोठे मौजेचे वाटले.

आतली इमारत एका काळाची नाही. मध्ययुगीन खांब, सतराव्या शतकाच्या आरंभी नव्याने बांधलेला मनोरा, एकोणिसाव्या शतकातले मोठे नूतनीकरण, असे तिचे थर आहेत. भिंतींवरच्या चुन्याखाली दडलेली चित्रे १९६३ साली दुरुस्तीच्या वेळी उघडी पडली. त्यांत इस्राएलच्या बारा टोळ्यांची चिन्हे आहेत. इंग्लंडमधील खेड्यांच्या चर्चचा इतिहास असाच असतो. एका पिढीने रंगवायचे, दुसरीने त्यावर चुना फासायचा, तिसरीने तो खरवडायचा. आपल्याकडे जुन्या देवळाच्या मूर्तीवर शेंदराचे थर चढतात आणि एखाद्या दिवशी ते कवच गळून पडते, त्याची आठवण झाली. फरक एवढाच की इथे प्रत्येक थराबरोबर एक वही चालू राहिली आहे. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवणे इंग्लंडमधील पॅरिश चर्चना १५३८ पासून बंधनकारक होते. राजे बदलले, पंथ बदलले, प्रार्थनेचे शब्द बदलले. गावात कोण मेले हे लिहिण्याचे काम सहसा थांबले नाही.

प्लेगबद्दल आज जे निश्चित सांगता येते त्यातले बहुतेक या नोंदींतूनच येते. ७ सप्टेंबर १६६५ रोजी जॉर्ज विकर्स या शिंपीकाम करणाऱ्या माणसाचे दफन झाले. लंडनहून आलेले दमट कापड त्याने शेकोटीपुढे वाळत घातले होते, अशी परंपरागत हकीकत आहे. मग त्या घरातले आणि शेजारचे लोक मरू लागले. हिवाळ्यात साथ मंदावली, वसंतात रेंगाळली आणि १६६६च्या उन्हाळ्यात भडकली. एकट्या ऑगस्ट महिन्यात ७८ माणसे गेली. शेवटचा मृत्यू १ नोव्हेंबर १६६६ चा. परंपरेने एकूण आकडा २६० सांगतात; धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन यांनी त्याच नोव्हेंबरात लिहिलेल्या पत्रात ७६ कुटुंबांतले २५९ असा हिशेब आहे.

मॉम्पेसन तेव्हा तिशीच्या आतले होते आणि गावात नवखे होते. येऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्यांच्या आधीचे धर्मगुरू टॉमस स्टॅनली प्युरिटन वळणाचे. १६६० साली राजसत्ता परतल्यानंतरच्या उलथापालथीत त्यांचे पद गेले होते आणि १६६२च्या कायद्याने सक्तीचे केलेले प्रार्थनापुस्तक त्यांना मान्य नव्हते. गावातल्या अनेकांची निष्ठा मात्र स्टॅनलींकडेच होती. जून १६६६ मध्ये या दोघांनी मिळून गावापुढे तीन गोष्टी ठेवल्या. ज्याने-त्याने आपल्या घरचे प्रेत आपणच आपल्या जागेत पुरावे. चर्चचे दार बंद करून प्रार्थना ककलेट डेल्फ या उघड्या दरीत घ्यावी, तिथे कुटुंबांनी एकमेकांपासून अंतर राखून उभे राहावे. आणि गावाची सीमा कोणी ओलांडू नये. बाहेरचे लोक धान्य सीमेवरच्या दगडापाशी ठेवून जात. दगडात खोदलेल्या खळग्यांत व्हिनेगर असे आणि त्यात बुडवलेली नाणी ते उचलून नेत. चॅट्सवर्थच्या अर्ल ऑफ डेव्हनशायर यांनीही रसद पाठवली.

म्हणजे चर्चच्या इतिहासातला सर्वांत मोठा उन्हाळा हा चर्च बंद असतानाचा आहे. त्या वर्षीचे मृत या आवारात फारसे नाहीतच. ते शेतांत, परसांत, बांधांवर आहेत. आवारात ठळक आहे ती मॉम्पेसन यांच्या पत्नी कॅथरीन यांची कबर. त्या २५ ऑगस्ट १६६६ रोजी गेल्या. स्टॅनलींचे स्मारक फार उशिरा झाले. आत मॉम्पेसन यांची म्हणून एक कोरीव खुर्ची दाखवतात. तिच्यावर त्यांच्या नावाची आद्याक्षरे आणि १६६५ हे साल आहे. ती लिव्हरपूलच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडली म्हणे. १९८५ साली बसवलेल्या रंगीत काचेच्या खिडकीत साथीची सारी कथा चित्ररूपाने मांडली आहे. खिडकीसमोर उभ्या असताना आमच्यापैकी एक म्हणाली, "हे तर आपल्या कीर्तनातलं आख्यानच झालं." ते खरेच होते. ऊन काचेतून आत येत होते आणि दुःखसुद्धा लाल-निळे, देखणे दिसत होते.

याच देखणेपणाकडे इतिहासकारांनी संशयाने पाहिले आहे. पॅट्रिक वॉलिस यांनी २००६ साली दाखवून दिले की त्या काळातला लेखी पुरावा अगदी तुटपुंजा आहे: काही नोंदी, मॉम्पेसन यांची काही पत्रे आणि नंतर लिहून काढलेली लोकस्मृती. अठराव्या शतकात कवयित्री ॲना सिवर्ड यांनी, ज्या याच गावात जन्मल्या होत्या, ही कथा भावपूर्ण केली. १८४२ साली विल्यम वुड या स्थानिक लेखकाने गावाचा इतिहास लिहिला आणि तिला आजचे रूप आले. प्रत्येक काळाने आपापल्या गरजेचा नायक तिच्यात बसवला. गावाची लोकसंख्या साडेतीनशे आणि वाचलेले ८३, हा परंपरागत हिशेबही टिकलेला नाही. चूल-कराच्या नोंदी तपासून संशोधकांनी गाव त्याच्या जवळजवळ दुप्पट असल्याचे सांगितले आहे. आणखी एक गोष्ट आम्हांला तिथे बोचली. सीमा बंद होण्याच्या सुमारास मॉम्पेसन यांनी आपल्या दोन्ही मुलांना गावाबाहेर पाठवले होते. काही सधन कुटुंबेही वेळीच निघून गेली होती. त्यात गैर काय, असे म्हणता येईल. कोणताही बाप हेच करेल. पण मग आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो. ज्यांना पाठवायला जागा होती, त्यांनी पाठवले. उरले कोण?

त्याहून अवघड गोष्ट वैद्यकाची. प्लेगचा जंतू अलेक्झांडर येर्सँ यांना हाँगकाँगमध्ये १८९४ साली सापडला. तो उंदरांकडून माणसाकडे पिसवा आणतात, हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखवले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, आणि त्यापूर्वी मुंबईच्या साथीतही त्यांनी काम केले होते. विकर्सच्या त्या दमट कापडात काय असावे, याचा उलगडा असा सव्वादोनशे वर्षांनी आणि आपल्या भूमीवरच्या मृत्यूंमधून झाला. हे आम्हांला ठाऊक होते. पण ईमच्या चर्चमध्ये उभे राहून ते आठवणे वेगळे होते. कारण त्याच साथीत आपल्याकडची खेडी नेमके उलट वागली होती. उंदीर पडू लागले की गाव सोडायचे, माळावर झोपड्या घालून राहायचे, हे आमच्या आज्या-पणज्यांच्या बोलण्यात कायम असे. पुण्यात १८९७ साली सरकारने घरे तपासून माणसांना जबरदस्तीने सेग्रिगेशनमध्ये नेले, त्यातून काय घडले हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्याच साथीत रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. राहणे, जाणे आणि नेले जाणे ही तीन वेगळी क्रियापदे आहेत. माळावर गेलेली आमची माणसे उंदरांनी भरलेल्या घरांपासून दूर गेली होती. ईमची माणसे त्या घरांतच थांबली. २०१६ साली झालेल्या एका अभ्यासाने ईममधला बराचसा संसर्ग माणसाकडून माणसाला झाला असावा असे म्हटले आहे, म्हणजे हाही प्रश्न मिटलेला नाही. पण त्यांचे थांबणे शहाणपणाचे होते की घातक, हे आज आपण ठरवू लागलो की त्यागाचे आपले भारदस्त वाक्य अडखळते.

तिथल्या एका वृद्ध स्वयंसेविकेला आम्ही अखेर धीर करून विचारलेच : लोक स्वतःच्या इच्छेने थांबले का? हा प्रश्न तिने यापूर्वी पुष्कळदा ऐकला असावा. ती म्हणाली, "कोण मेले ते नोंदींत आहे. बाकीचे आम्ही एकमेकांना सांगत आलो." एवढे बोलून ती फुलदाणीतले पाणी बदलायला गेली.

चर्चमधून निघून आम्ही गावाबाहेरच्या टेकडीवर रायली ग्रेव्हज म्हणतात तिथे गेलो. दगडी कुंपणाच्या छोट्या वर्तुळात हॅनकॉक कुटुंबाची थडगी आहेत. ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत एलिझाबेथ हॅनकॉक या स्त्रीने आपला नवरा आणि सहा मुले इथे पुरली. दुसऱ्या कोणाची मदत घ्यायची नाही असा नियम होता, त्यामुळे तिने एकटीने खड्डे खणले आणि प्रेते ओढत आणली, असे सांगतात. वारा सुटला होता, मेंढ्या चरत होत्या. थडग्यांवरची नावे वाचता वाचता आमच्या लक्षात आले की इथे एलिझाबेथ कुठेच नाही. नवऱ्याचे नाव आहे, मुलांची नावे आहेत. ती वाचली, म्हणून ती मृतांच्या यादीत नाही. तिने काय केले हे कोणत्याही अधिकृत कागदाने लिहून ठेवण्याचे कारणच नव्हते. ते टिकले ते लोकांच्या तोंडी.

मग गावातली दुसरी प्रसिद्ध कथा आठवली. एमॉट सिडल ही ईमची मुलगी आणि शेजारच्या स्टोनी मिडलटनचा रोलंड टोरे. सीमेच्या अलीकडे-पलीकडे उभे राहून ते एकमेकांना दुरून पाहत. एप्रिलच्या अखेरीस ती यायची थांबली. गाव खुले झाल्यावर तो धावत तिच्या घरी गेला. अशा कथांना आम्ही वर्गात 'रोमँटिक प्रक्षेप' म्हणून बाजूला सारतो. पण एमॉट गेली, म्हणून तिच्या मरणाची नोंद झाली. रोलंड उरला, त्याची सात महिन्यांची वाट कोणत्या रकान्यात लिहायची?

नोंदवही मेलेल्यांची असते. उरलेल्यांचे जे काही असते ते कथेत जाते, आणि कथा ज्याच्या हाती लागते तो तिला आपल्या सोयीने वाकवतो. कधी धर्मगुरूचा मोठेपणा तिच्यात भरतो, कधी गावाचा अभिमान, कधी आमच्यासारख्यांचे तासाच्या शेवटचे वाक्य. म्हणून वॉलिस यांचा संशय रास्तच आहे. तरीही संशयाने कथा पुसून टाकली, तर एलिझाबेथ दुसऱ्यांदा यादीबाहेर जाते. साहित्य शिकवणाऱ्या माणसाने या दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरून ठेवायला हव्यात, हे आम्ही वर्षानुवर्षे बोलत आलो होतो. त्या टेकडीवर ते पहिल्यांदा जड वाटले.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आम्हांला मिळालेले नाही. तिला आम्ही एवढेच कळवले की जून महिन्यात ज्यांना कुठेही जाता येत नव्हते, त्यांच्याबद्दल 'ठरवले' हे क्रियापद आम्ही घाईने वापरले. पण जायला घर नसलेला माणूसही रात्री सीमा ओलांडून डोंगरात पळू शकतो, आणि एलिझाबेथ ते आठ दिवस तिथेच राहिली. राहण्यात सक्ती किती आणि संमती किती, याचा हिशेब तिला स्वतःलाही मांडता आला असता की नाही, कोण जाणे. तिने उत्तरात लिहिले, "मॅडम, आमच्या घरातसुद्धा असंच झालं होतं. कधी तरी सांगेन." चार वर्षांत आम्ही तिला तिच्या घरचे काहीच विचारले नव्हते.

परत आल्यावर ज्या मैत्रिणीचे वडील गेले होते, तिच्याबरोबर आम्ही तिच्या गावी गेलो. ग्रामपंचायतीतून मिळालेला मृत्यूचा दाखला कपाटात होता : नाव, वय, तारीख, ठिकाण. तो आम्ही पुन्हा पाहिला आणि ठेवून दिला. मग तिने आईला विचारले, "त्या दिवशी नक्की काय काय झालं?" आजवर तिने हे विचारलेच नव्हते; न येण्याची टोचणी आड येत होती. आई भाकरी थापत होती. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि भिंतीला टेकून बसली.

"सकाळी त्यांनी चहा मागितला होता," ती म्हणाली. "मी म्हटलं, दूध यायचंय अजून."

मग ती दोन तास बोलली. खांदा द्यायला चौघेच होते, त्यातला एक तोंडाला गमछा बांधलेला शेजारचा मुलगा होता, हे आम्हांला तेव्हा कळले. मोबाईलची रेंज गेली तेव्हा पलीकडे काय चालले होते, तेही कळले.